कोपर सरळ

आमच्या अल कुसैसच्या बिल्डिंगमध्ये थंडी कॅलेंडरवर येत नाही, ती कानाला कळते. एके दिवशी पहाटे कुणीतरी एसी बंद करतं. मग शेजारचे करतात, मग वरचे. कितीतरी महिने भिंतीमागे चाललेली घरघर थांबते आणि आपण इतके दिवस केवढ्या मोठ्यानं बोलत होतो ते एकदम लक्षात येतं.

परवा आमच्याकडे तसं झालं. मी खिडकी उघडली. समोरच्या गॅलरीतल्या केरळच्या बाईच्या कुकरची शिट्टी, शारजाकडे जाणाऱ्या गाड्या, विमानतळावर उतरणारं विमान, सगळं घरात आलं. वारा गार होता, आणि दवानं भिजलेल्या धुळीचा वास होता त्याला. मी कुणालाही न विचारता स्टूल घेतलं, कपाटाच्या वरच्या कप्प्यात हात घातला आणि नाताळच्या गोठ्याच्या खोक्यामागून माझी टोपी काढली.

साधी पांढरी टोपी, पुढे चोच असलेली. धुऊन ठेवली होती तरी कडेला घामाची पिवळी रेघ राहिलीच आहे. माझं सगळं आयुष्य हॉटेलच्या लिनन रूममध्ये चादरी-टॉवेलांत गेलं, तेव्हा डाग कसा काढायचा ते मला शिकवायला नको. ही रेघ मी मुद्दाम ठेवली आहे.

गोल्फची टुर्नामेंट जवळ आली की मला असं होतं. तुम्ही म्हणाल, वसईच्या केळीच्या वाडीत वाढलेली ही बाई, हिचा आणि गोल्फचा काय संबंध? बरोबर आहे. मला अजून त्या खेळातलं सगळं कळत नाही. एवढा मोठा माणूस एवढ्याशा बॉलला मारतो आणि मग त्याच्यामागे तासभर चालत जातो, हे बघून माझ्या आईनं कपाळाला हात लावला असता. पण आम्ही खेळणारे नव्हेच. आम्ही मार्शल.

मार्शल म्हटलं की लोकांना पोलीस वाटतात. तसं काही नाही. जगातले मोठे मोठे प्लेअर खेळायला येतात, त्यांना बघायला लोक येतात, आणि दोघांच्या मध्ये एक दोरी असते. त्या दोरीपाशी आम्ही उभे. प्लेअर मारायला सरसावला की आम्ही दोन्ही हात वर करायचे, म्हणजे लोक गप्प होतात. पगार नाही. टोपी, टी-शर्ट, जेवणाचा डबा मिळतो, आणि दिवसभर हिरवळीवर उभं राहायला मिळतं. वाळूच्या देशात हिरवळीवर उभं राहायला मिळणं ही काय लहान गोष्ट आहे?

हे सगळं सुरू झालं आमच्या इनासमुळे. म्हणजे माझ्या नवऱ्यामुळे. इनास पोर्टवर सिग्नलमन होते. क्रेनवाला वर काचेच्या खोलीत बसतो, त्याला खालचं नीट दिसत नाही. खाली उभा असलेला माणूस हातानं खुणा करतो, वर घे, डावीकडे ने, सावकाश सोड, आणि त्या खुणांच्या भरवशावर वरचा माणूस घराएवढं ओझं हवेतून फिरवतो. इनासनी तारुण्य त्यात घालवलं. घरातसुद्धा तसंच. फ्रीज सरकवायचा असो की पाहुण्यांची गाडी मागे घ्यायची असो, हे समोर उभे, हात लांब, कोपर सरळ. मी एकदा विचारलं होतं, जरा वाकला हात तर काय बिघडतं? तेव्हा म्हणाले होते, वाकलेलं कोपर म्हणजे मनातली शंका, आणि शंका वरच्याला बरोबर दिसते.

रिटायर झाल्यावर त्या हातांना काही काम उरलं नाही. सोफ्यावर बसायचे आणि टीव्हीवरच्या बातम्यांवर रागवायचे. आमची मुलगी लीना, आम्ही तिच्याकडेच राहतो, तिनं ऑफिसमध्ये बसून परस्पर आमच्या दोघांची नावं ऑनलाइन भरून टाकली. घरी येऊन सांगितलं, ममा, पप्पा, यू आर मार्शल्स. आमची नात झोई तेव्हा लहान होती. ती म्हणाली, "ग्रॅनी कॅनॉट बी क्वाएट. दे विल सेंड हर होम."

पोरगी खोटं बोलली नव्हती. पहिल्या वर्षी मला टी-वर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, 'क्वाएट' लिहिलेली पाटी धरून उभं केलं. शेजारी बशीरभाई. हे रत्नागिरीकडचे, इथल्या देऱ्याच्या बाजारात त्यांचं कुलपं-बिजागऱ्यांचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. त्यांनी मला पाटी धरलेलं पाहिलं आणि म्हणाले, वहिनी, ही पाटी लोकांसाठी आहे का तुमच्यासाठी? दुपारी भूक लागली म्हणून मी खिशातून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, काढली. वसईहून जाऊबाईनं पाठवलेली, केळीच्या सुक्या पानात बांधलेली. सगळीकडे चिडीचूप, प्लेअरनं काठी मागे घेतलेली, आणि माझ्या हातात ते पान कुरकुरलं. एवढंसंच. पण प्लेअरनं काठी खाली केली आणि वळून पाहिलं. बशीरभाई आकाशाकडे बघत राहिले. त्या पानाचा आवाज वसईच्या घरात कधी कुणाला ऐकूसुद्धा आला नसेल. तिथे मला पहिल्यांदा कळलं की शांतता किती पातळ असते.

इनासचं मात्र पहिल्याच दिवशी जमलं. आमची कॅप्टनबाई, पांढऱ्या वेणीची, उन्हानं लाल झालेली इंग्रज बाई, तिनं त्यांचा हात बघितला आणि त्यांना थेट पुढे पाठवलं, तळ्याच्या बाजूला, जिथे बॉल येऊन पडतात तिथे. ते काम सोपं नाही. मारणारा माणूस लांब, बॉल लिंबाहून थोडा मोठा, आकाश पांढरं. बॉल येताना बघायचा, कुठे पडला ते हातानं दाखवायचं, गवतात लपला तर त्याच्याजवळ छोटं निशाण रोवायचं. बॉलला हात लावायचा नाही. अंतर यार्डात सांगतात. आपण दिरहमचे रुपये करतो तसं इनास यार्डांचे कंटेनर करायचे. एवढे कंटेनर ओळीनं लावले की टी येतो, म्हणायचे, आणि मग त्यांना बरोबर अंदाज यायचा. वर्षानुवर्षं तीच जागा त्यांची. कॅप्टनबाई त्यांना मिस्टर स्ट्रेट म्हणायची.

आता ज्या वर्षाचं मला खरं सांगायचं आहे ते सांगते.

त्या वर्षी उन्हाळ्यात घरातल्या वस्तू जागा बदलू लागल्या. म्हणजे इनासच्या मते. चहाचा कप मी डाव्या हाताशी ठेवला की त्यांचं कोपर लागून तो पडायचा, आणि हे म्हणायचे, इथे कुणी ठेवला? टेबलाचा कोपरा मांडीला लागायचा. झोईच्या सायकलवर दोनदा अडखळले. गाडी चालवणं एकाएकी सोडलं, पार्किंग मिळत नाही म्हणून. कोण काय म्हणणार? इथे पार्किंग खरंच मिळत नाही. पण एका रविवारी चर्चमध्ये मिसाला गेलो, बाजूनं शेजारच्या बाईनं शांतीसाठी हात पुढे केला आणि हे समोर बघत राहिले. ती बिचारी हात तसाच धरून उभी. मी लीनाला सांगितलं, लीनानं अपॉइंटमेंट घेतली.

काचबिंदू. डॉक्टर तरुण होता, हैदराबादचा, हिंदीत नीट समजावून सांगितलं. समोरचं दिसतं, बाजूचं हळूहळू मिटत येतं. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं थेंब टाकून राखायचं. इनासनी सगळं ऐकून घेतलं, थँक यू डॉक्टर म्हणाले, आणि बसमध्ये माझ्याशेजारी बसल्यावर खिडकीबाहेर बघत बोलले.

"बॉल दिसायचा बंद झाला की खलास, फिलू. मग वसईला जाऊ."

मी काही बोलले नाही. मी, फिलोमिना, काही बोलले नाही, यावरून समजा.

वसई मला नको असं कुणी समजू नये. तिथे आमचं दोन खोल्यांचं घर आहे, दीर-जाऊ आहेत, वाडी आहे, विहिरीचं पाणी गोड आहे. पण झोई इथे आहे. लीनाचा नवरा महिन्यातले निम्मे दिवस अबुधाबीच्या पलीकडे साइटवर असतो. आणि मुख्य म्हणजे मला डोळ्यासमोर एकच दिसत होतं. वसईच्या ओट्यावर खुर्ची, खुर्चीत इनास, येणारे-जाणारे म्हणतायत, काय इनासबाब, बरं ना? आणि इनास आवाजावरून ओळखायचा प्रयत्न करतायत. माणूस म्हातारा झाला म्हणून घरी जाणं वेगळं आणि आपलं आता काही काम नाही म्हणून घरी जाणं वेगळं. दुसरं मला नको होतं. त्यांच्यासाठी नको होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीसुद्धा नको होतं.

म्हणून टुर्नामेंटच्या आधी मी कॅप्टनबाईला फोन केला. म्हटलं, माझा गुडघा दुखतो, टी-वरच्या गर्दीत उभं राहवत नाही, मला पुढे तळ्यापाशी नवऱ्याबरोबर ठेव. बाई शहाणी. तिनं जरा थांबून विचारलं, गुडघा कुठला? मी म्हटलं, दोन्ही.

पहिल्या दिवशी धुकं. तळ्याचं पाणी कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते कळेना. खेळ सुरू व्हायला उशीर झाला आणि आम्ही दोघं ओल्या गवतात उभे. फवाऱ्यांच्या पाण्याचा वास, कापलेल्या गवताचा वास. एक बगळा तळ्याची हद्द दाखवणाऱ्या लाल खुंट्यांपाशी एका पायावर उभा होता, आमच्यासारखाच ड्युटीवर. धुक्यात कुणालाच काही दिसत नव्हतं, म्हणून इनास त्या सकाळी फार खुशीत होते. मला पोर्टवरच्या धुक्याच्या गोष्टी सांगत होते. धुकं विरू नये असं मला वाटत होतं.

विरलंच ते. लांब टी-वर माणसं दिसू लागली, बशीरभाईंची पाटी दिसू लागली. पहिल्या प्लेअरनं मारलं. आधी काठी फिरताना दिसते आणि आवाज मागाहून येतो, टक्. मी बॉल पाहिला. उजवीकडे झुकला, आमच्या डोक्यावरून गेला आणि मागे झुडपापाशी पडला. इनास समोर आकाशात बघत होते. नुसते बघत होते. त्यांची मान हलली नाही.

मी अगदी हळू, ओठ न हलवता म्हटलं, "मागे, झुडपाशी."

ते वळले, चालत गेले, बॉलपाशी निशाण रोवलं, हात सरळ केला. परत आले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

असं दोन-तीनदा झालं. मग माझ्या लक्षात आलं की बोलायची गरजच नाही. मी बॉलबरोबर मान फिरवायची, टोपीची चोच तिकडे वळायची, आणि इनास आकाशाकडे न बघता माझ्या टोपीकडे बघत राहायचे. समोरचं त्यांना दिसत होतंच. मला त्यांनी समोर ठेवलं होतं. चोच जिकडे तिकडे हे. कुणी कुणाला काही सांगितलं नाही, काही ठरलं नाही. चार दिवसांपैकी तीन दिवस आम्ही असं काम केलं. हसू येतं मला आता. लग्नात, फोटोवाला ओरडून सांगत होता तरी या माणसानं माझ्याकडे सरळ पाहिलं नव्हतं. ते सगळं राहिलेलं बघणं त्यांनी त्या तळ्याकाठी पुरं केलं.

संध्याकाळी बसमध्ये बशीरभाई विचारायचे, इनासभाई, किती सापडले? इनास आकडा सांगायचे. बशीरभाई म्हणायचे, माशाल्ला, नजर आहे की दुर्बीण. मग आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघायचो. त्या आकड्यानं मला आनंद व्हायला हवा होता. होत होता, पण त्यात कुठेतरी खडा लागत होता. मी यांना मदत करत होते की यांना फसवत होते? आणि हे फसत होते की मला फसू देत होते? घरी आल्यावर डोळ्यांत थेंब टाकताना त्यांची मान माझ्या हातात असायची, तेव्हा विचारावंसं वाटायचं. विचारलं नाही. थेंब गालावरून खाली येऊ नये म्हणून ते डोळे घट्ट मिटून बसायचे.

चौथा दिवस म्हणजे शेवटचा, रविवार. गर्दी. दोरीच्या मागे माणसंच माणसं, लहान पोरं बापांच्या खांद्यावर. सगळ्यात पुढे असलेल्या प्लेअरांची जोडी आमच्याकडे आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बशीरभाईंची पाटी वर गेली. एवढी माणसं, आणि फक्त पाण्यावरच्या पक्ष्यांचा आवाज.

टक्.

बॉल डावीकडे आला. तळ्याकडे. काठाच्या आत, लाल खुंट्यांच्या जरा पुढे, एका ताडाच्या सावलीच्या टोकावरून तो पाण्यावर गेला आणि वळत वळत बराच पुढे जाऊन बुडाला. मी पाहिलं. शेवटपर्यंत पाहिलं.

आता यात एक गोम आहे, ती सांगायला हवी. बॉल पाण्यात कुठे बुडाला याला किंमत नाही. काठ ओलांडून पाण्यावर कुठून गेला, ती जागा महत्त्वाची. तिथपासून प्लेअरला पुढचा बॉल टाकावा लागतो. दहा पावलं इकडे-तिकडे झाली तर खेळ बदलतो. आणि ती जागा कुणी सांगायची? जो तिथे उभा असतो त्यानं. तिथे होतो आम्ही.

प्लेअर आला, त्याचं सामान उचलणारा आला, छोट्या गाडीतून रेफरी आला. मागे लोक दोरीला टेकले. रेफरीनं इनासची टोपी, त्यांचं निशाण बघितलं आणि अदबीनं विचारलं, सर, बॉल कुठून पाण्यावर गेला ते तुम्ही पाहिलंत का?

माझी मान अजून त्याच जागेकडे होती. चोच तिकडेच होती. इनासनी फक्त हात उचलून टोपीच्या दिशेनं करायचा होता, तीन दिवस करत होते तसा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टोपीकडे नाही, माझ्याकडे. मग त्यांनी दोन्ही हात बाजूला आडवे पसरले, तळवे जमिनीकडे, आणि तसेच धरले. गोल्फच्या खुणांत या जागी याचा अर्थ काय लागतो देव जाणे. रेफरी गोंधळला. पण मी सिग्नलमनची बायको. मला माहीत होतं. पोर्टवर याचा अर्थ एकच. थांबा. सगळं जागच्या जागी थांबवा.

हात खाली घेऊन ते म्हणाले, "सर, आय डिड नॉट सी. माय आइज आर नॉट गुड. माय वाइफ सॉ इट."

मोठ्यानं म्हणाले. दोरीमागच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आणि मग माझ्याकडे वळून, आपल्या बोलीत, हळू.

"फिलू, दाखव. कोपर सरळ."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा हात वर गेला. आणि मला काय आठवावं? आमच्या गावचं बावखल. वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. लहानपणी झाडावरून नारळ बावखलात पडला की ज्यानं पडताना पाहिला त्यानं हात करून तसंच उभं राहायचं, पाण्याकडे बघायचं नाही. पाणी खोटं बोलतं, तरंग सगळीकडे पसरतात. दुसऱ्यानं त्या हाताच्या रेषेत उडी मारायची. हात हलला तर नारळ गेला. मी तशी उभी राहिले. ताडाच्या सावलीचं टोक आता थोडं सरकलं होतं, मी सावली सोडली आणि तिथली लाल खुंटी खूण म्हणून धरली. रेफरी माझ्या हाताच्या रेषेत चालत गेला, वळून माझ्याकडे बघत, आणि एका ठिकाणी थांबला. मी मान हलवली. तिथे.

प्लेअरनं वाद घातला नाही. त्यानं तिथून बॉल टाकला, मारला, आणि जाताना टोपीला हात लावला. माझ्यासाठी की इनाससाठी ते कळलं नाही. त्यांची गर्दी त्यांच्यामागून निघून गेली आणि आमच्यापाशी पुन्हा तळं, बगळा आणि आम्ही दोघं राहिलो. इनासनी कमरेचं निशाण काढलं आणि माझ्या हातात दिलं.

बसमध्ये त्या संध्याकाळी बशीरभाईंनी आकडा विचारला नाही. टी-वरून त्यांना काय दिसलं होतं कुणास ठाऊक. त्यांनी नुसती खजुराची पिशवी पुढे केली. बस हायवेला लागली, काचेत मावळतीचा सोनेरी उजेड. शेवटी मीच विचारलं.

"म्हणजे आता वसई?"

"कशाला?"

"तुम्हीच म्हणाला होतात. बॉल दिसायचा बंद झाला की खलास."

इनासनी खजुराची बी कागदात नीट गुंडाळून खिशात टाकली. मग सांगितलं, अगदी पोर्टवर नव्या माणसाला समजावून सांगत असतील तसं. सिग्नलमनला लोड दिसेनासा झाला तर त्यानं अंदाजानं हात करायचा नाही. एकच खूण करायची, थांबा. एवढं तर सगळ्यांनाच माहीत असतं.

"पण थांबा म्हणजे घरी जा असं नाही, फिलू. थांबा म्हणजे ज्याला दिसतंय त्याला पुढे उभा करा."

मी विचारलं, तीन दिवस तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, तुझी टोपी एवढी मोठी, न दिसायला मी काय आंधळा आहे? आणि मग स्वतःच हसले, पुढच्या सीटवरच्या बशीरभाईंनाही हसू आलं, म्हणजे तो माणूस सगळं ऐकत होता.

पुढच्या वर्षी कॅप्टनबाईनं आमच्या जागा बदलल्या. कुणी तिला काय सांगितलं मी विचारलं नाही. तळ्यापाशी मी, निशाण माझ्या कमरेला. आणि इनास टी-वर, 'क्वाएट'ची पाटी घेऊन, बशीरभाईंच्या शेजारी. त्या कामाला बॉल दिसायला लागत नाही, कान लागतात, आणि ते तर आता असे झालेत की दोरीमागे कुणी चॉकलेटचा कागद सोलला तरी पाटी आधी तिकडे वळते. आमच्या बिल्डिंगमधल्या बायका हसतात. बोलणारी बाई लांब रानात एकटी, आणि न बोलणारा माणूस लोकांना गप्प बसवायला. मी म्हणते, हसा.

एकटी म्हणतात, पण एकटी कसली. बशीरभाई मला सांगतात, वहिनी, हा माणूस प्रत्येक बॉलनंतर मला विचारतो, तिचा हात सरळ होता का? मी हो म्हणतो, तर म्हणतो, नीट बघून सांग. एकदा जेवणाच्या तंबूत हे माझ्यासमोर येऊन बसले, डबा उघडला आणि पहिला घास घ्यायच्या आधी म्हणाले, सकाळी तिसऱ्या जोडीच्या वेळी कोपर वाकलं होतं म्हणे. मी बशीरभाईंकडे बघितलं. बशीरभाई डाळीत फार मन लावून लिंबू पिळत होते.

नजर तेवढीच आहे अजून. थेंब चालू आहेत. डॉक्टर म्हणतो बरं आहे, इनास म्हणतात इन्शाल्ला, मी मारियेला मेणबत्ती लावते. सगळ्यांनी आपापलं काम करावं.

तर परवा एसी बंद झाला आणि मी टोपी काढली. आज संध्याकाळी, दरवर्षीसारखी, हॉलमध्ये आमची प्रॅक्टिस झाली. सोफा मागे सारला, मी मधोमध उभी. झोई आता माझ्यापेक्षा उंच झाली आहे, ती फोनमधून मान वर करून म्हणाली, "ग्रॅनी, यू लुक लाइक अ ट्रॅफिक पोलीस." मी म्हटलं, गप्प. डावीकडे, तळ्याच्या बाजूला, हात लांब केला. खिडकी उघडी होती. खालून कुणाच्या तरी भजीचा वास येत होता.

इनास स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. माझा हात त्यांना तिथून दिसत नाही, हॉल लहान, तो बाजूला जातो. ते भिंतीला धरून माझ्यापर्यंत आले. खांद्यावर हात ठेवला, आणि तिथून तो सावकाश खाली आणला, कोपरापर्यंत. आतल्या बाजूनं बोटानं दाबून पाहिलं. मग वर, मग परत खाली.

"हं," म्हणाले. "बरोबर आहे."

आणि हात तिथेच ठेवला. तळं नव्हतं, बॉल नव्हता, रेफरी नव्हता. मी तरीही हात खाली घेतला नाही.